खेकड्याचं डावं चाक

"हात सोडलेत मी! दोन्ही हात सोडलेत!"

इंद्रजित ओरडत होता. रिमोट त्याच्या छातीवर पट्ट्याला लटकत होता आणि त्याने दोन्ही तळवे पोलिसाने पकडल्यासारखे वर धरले होते. तरीही खेकडा थांबला नाही. पुढचं डावं चाक एकटंच गर्रकन फिरलं, सव्वीस किलोचा सांगाडा स्वतःभोवती अर्धा वळला आणि थेट परीक्षकांच्या टेबलावर जाऊन आदळला. पाण्याची बाटली, कागद, शिट्टी, सगळं खाली. टेबलामागे बसलेल्या केळुसकर मॅडमनी पाय वेळेवर वर घेतले म्हणून बरं, नाहीतर त्यांची नडगी फुटली असती.

मी उडी मारून खेकड्याच्या पाठीवरचं, त्याला बंद करायचं लाल बटण दाबलं. चाक थांबलं.

खेकडा म्हणजे आमचा रोबो. तो सरळ चालायचा तसाच आडवाही चालायचा, म्हणून हे नाव. आम्ही कऱ्हाडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची तिसऱ्या वर्षाची मुलं. सात महिने खपून खेकडा बांधला होता आणि त्या दिवशी पुण्यातल्या एका क्रीडासंकुलात राज्याच्या स्पर्धेला घेऊन आलो होतो. काम सोपं वाटायचं. तीन मिनिटांत मैदानभर फिरून खांबांवर रबरी कडी फेकायची, ज्याची जास्त कडी बसतील तो पुढे. हरला तो घरी. आमची पहिली लढत तीन वाजता होती आणि हा सकाळी साडेअकराचा सराव होता.

केळुसकर मॅडम सुरक्षेच्या परीक्षक. बुटक्या, पांढरे केस कानामागे घट्ट बांधलेले, आवाज मुळीच न चढवणाऱ्या. त्या उठल्या, खेकड्याजवळ आल्या आणि सकाळी स्वतःच्या हाताने लावलेलं तपासणीचं हिरवं स्टिकर नखाने सोलून काढलं.

"मॅडम, एकच मिनिट..." इंद्रजित म्हणाला.

"एक कशाला, अडीच वाजेपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, 'आता चालतोय' असं सांगत येऊ नका. बिघडलेलं यंत्र अधूनमधून चालतंच. का बिघडलं ते मला दाखवा. या फॉर्ममध्ये कारण लिहा, ज्याचं ते काम होतं त्याची सही घ्या. मग पुढचं बोलू."

असं म्हणून त्या खाली पडलेली शिट्टी शोधायला वाकल्या.

हॉलच्या मागच्या बाजूला प्रत्येक टीमला एक टेबल आणि चार पावलं जागा दिली होती. आमच्या जागेत फक्त तिघांना प्रवेश होता, बाकीची मुलं वर प्रेक्षकांत बसली होती. इंद्रजित मोहिते आमचा कॅप्टन. सांगाडा त्याने बनवला होता आणि मैदानात रोबो चालवायचाही तोच. नौशाद मुल्ला प्रोग्राम लिहायचा. आणि मी, हेमांगी डुबल. बॅटरीपासून मोटरपर्यंत जी काही तार त्या सांगाड्यातून जात होती ती माझी.

त्या काळी माझी मला फार खात्री असायची. उगीच नाही. वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं, मी सहावीत असल्यापासून तारा सोलत आले होते. खेकड्यातल्या चौतीस तारांना मी दोन्ही टोकांना नंबर घातले होते, रंग ठरवून दिले होते, वहीत नकाशा काढला होता. दुसऱ्या कॉलेजची मुलं येऊन माझ्या वायरिंगचे फोटो काढून न्यायची, त्या दिवशी सकाळीही काहींनी काढले होते. मला ते आवडायचं.

इंद्रजितने खेकडा स्टँडवर चढवला. चाकं हवेत. चालू करून रिमोटच्या दांड्या पुढे-मागे केल्या. चारही चाकं शहाण्या बाळासारखी फिरली.

"बघ," तो म्हणाला. "मशीनला काही नाही." मग नौशादकडे वळला. "परवा तू प्रोग्राम बदललास. त्याआधी असं कधी झालं होतं?"

नौशाद लॅपटॉपवर वाकलेला होता. उंच, सडपातळ, बोलायच्या आधी नेहमी एक श्वास घेणारा मुलगा. त्याने तो श्वास घेतला.

"चाकांचा वेग हळूहळू वाढावा एवढाच बदल आहे. उलट त्याने झटके कमी होतात. म्हणून तर आता आठ कडी बसतात, आधी चार बसायची."

"ते आठ मला नकोत, तो परीक्षकांच्या अंगावर जाणार असेल तर."

"प्रोग्राममधून असा हुकूम जाऊच शकत नाही, इंद्रजित. तू दांडी सोडलीस की शून्य जातं. मी नोंद बघितली आत्ता. शून्यच गेलंय." मग तो माझ्याकडे वळला. "हेमांगी, वायरिंग बघूया का एकदा?"

"वायरिंगला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

इंद्रजितला तेवढं पुरलं. "ऐकलंस? जुना प्रोग्राम चढव."

नौशादने जुना प्रोग्राम चढवला. आम्ही खेकडा उतरवून टेबलांमधल्या गालिच्याच्या पट्टीवर ठेवला आणि इंद्रजितने तो पाच मिनिटं पुढे-मागे, आडवा, गोल, सगळीकडे फिरवला. खेकडा एकदाही बहकला नाही.

"झालं," इंद्रजित म्हणाला. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि कारणाच्या चौकटीत ठळक अक्षरात लिहिलं, प्रोग्राममधील चूक. "सही कर."

"पाच मिनिटं चालला म्हणजे..." नौशाद बोलायला लागला.

"सही कर, लेका! दहा जणांचं वर्ष घालवायला बसलायस. स्पर्धेच्या दोन दिवस आधी कुणी प्रोग्राम बदलतं? कुणाला विचारून बदललास? एवढी काय हौस आली होती?"

शेजारच्या टेबलावरची मुलं बघायला लागली. नौशाद काहीतरी बोलेल असं मला वाटलं. पण त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, फॉर्मवर सही केली, पेनचं टोपण लावलं, लॅपटॉप अलगद मिटून माझ्यासमोर ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

"येईल परत," इंद्रजित म्हणाला. मग थोडा ओशाळून, "येईल ना?"

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खेकड्याचं झाकण उघडलं.

"अगं आता काय? चालतोय की!"

"मॅडम काय म्हणाल्या ऐकलंस ना? चालतोय म्हणून आणू नका. त्यांनी विचारलं, प्रोग्राममधली कुठली ओळ चुकली, तर काय दाखवणार?"

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. इंद्रजितचं एक होतं, एकदा कामाला लागला की तो राग विसरायचा.

बिघाड शोधायची एक रीत असते आणि ती रीत मला येत होती. मी दुकानात बघत मोठी झाले होते. आधी संशयिताला जागेवरून हलवायचं. प्रत्येक चाकाच्या मोटरला एक कंट्रोलर होता, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी. रोबोच्या मेंदूकडून, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या मुख्य सर्किटकडून, आलेला हुकूम ही डबी वाचते आणि मोटरला तेवढी वीज सोडते. मी पुढच्या डाव्या चाकाची डबी काढून उजव्याला लावली, उजव्याची डाव्याला. डबी खराब असेल तर आता उजवं चाक वेडं व्हायला हवं.

"पण वेडं होतंय कधी ते तरी कळू दे," इंद्रजित म्हणाला. "पाच मिनिटं फिरवला की मी."

खरं होतं. स्टँडवर एकदाही नाही, गालिच्यावर पाच मिनिटांत नाही, मैदानात मात्र पहिल्याच मिनिटाला. मी विचार केला, मैदानात वेगळं काय होतं? मैदानात खेकड्याच्या अंगावर दहा कड्यांची चळत होती. इथे आम्ही ती काढून ठेवली होती.

"इंद्रजित, त्याच्यावर वजन टाक. दोन्ही हातांनी पुढचा डावा कोपरा दाब. मी चालवते."

"आणि माझ्या पायावर आला म्हणजे?"

"माझा दुसरा हात लाल बटणावर आहे."

त्याने दाबलं. मी दांडी जरा पुढे केली, सोडली. काही नाही. "अजून जोरात," मी म्हटलं. त्याने गुडघ्यावर येऊन सगळा भार टाकला. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा सुतभर वाकला असेल, आणि डावं चाक एकदम गर्रकन फिरायला लागलं. दांडीला माझा हातही नव्हता. मी बटण दाबलं.

"आयला!" इंद्रजित मागे बसला. "जुना प्रोग्राम आहे ना आता?"

"जुना आहे. आणि डबी उजवीकडची आहे. तरी वेडं डावंच झालं."

म्हणजे प्रोग्राम नव्हता, डबी नव्हती. उरली ती तार. चौदा नंबर आणि पंधरा नंबर. चौदामधून हुकूम जायचा. पंधरा नुसती जोडीला असायची, पण तिच्याशिवाय हुकमाला अर्थ नसतो. पंधराची पातळी शून्य धरून डबी चौदाचा हुकूम मोजते. ती सुटली की डबीला शून्य कुठे आहे तेच कळत नाही. मग शेजारच्या तारांतल्या विजेचा गोंगाटही तिला हुकूम वाटतो.

त्या दोन्ही तारा आडव्या पट्टीच्या भोकातून जात होत्या. सांगाडा वाकला की तिथे ताणल्या जायच्या. मी पंधरा नंबर चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. फार नाही, फुलाची पाकळी ओढावी तेवढी. तार पिनेतून बाहेर आली.

तारेचं टोक सोलायचं, उघडं तांबं पितळी पिनेत घालायचं आणि खास पक्कडीने दाबायचं, म्हणजे पिन तांब्याला घट्ट धरते. हे मी शेकडो वेळा केलं होतं. इथे पिनेने धरलं होतं ते वरचं प्लास्टिक. तांब्याच्या केसासारख्या दोन तारा तेवढ्या पितळेला टेकत होत्या. वरून बघितलं तर जोड अगदी देखणा दिसत होता.

इंद्रजितने तो माझ्या हातात पाहिला. त्याला समजवावं लागलं नाही.

"लाव नवीन," तो हळू आवाजात म्हणाला. "पटकन लाव. फॉर्म भरलाय, सही झालीय. मॅडमना सांगू, प्रोग्राम बदलला. चालतोय ते दिसेलच त्यांना."

"प्रोग्रामची चूक नव्हती."

"मला कळतंय गं. पण वायरिंगचं नाव काढलं तर सगळं वायरिंग तपासत बसतील. एक वाजून गेलाय. जुन्या प्रोग्रामवर खेळू, चार कडी तर चार कडी. नौशादला मी नंतर समजावतो, माफी मागतो. कॉलेजमध्ये गेल्यावर सगळ्यांसमोर मागतो, बस्स? आणि तुझं वायरिंग म्हणजे... तुझं नाव कशाला खराब करायचं?"

तो वाईट मुलगा नव्हता. त्याला पहिली लढत जिंकायची होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तो माझ्या बाजूने बोलत होता. मी नवीन पिन घेतली, टोक नीट सोललं, दाबलं, ओढून बघितलं. हे सगळं करताना मी त्याच्या बोलण्याचा विचार करत होते. त्याचं म्हणणं मी लगेच झिडकारलं असं सांगायला मला आवडलं असतं. पिन बसवून होईपर्यंत मी विचार करत होते.

मग जुनी पिन मुठीत घेऊन उठले. "त्याला घेऊन येते," म्हटलं.

हॉलच्या मागे क्रिकेटचं मैदान होतं. दुपारचं ऊन रणरणत होतं आणि नौशाद खेळपट्टीशेजारच्या लोखंडी रोलरच्या दांड्यावर बसला होता. तिथे तसूभर सावली नव्हती. मला बघून तो उठला नाही.

मी पिन त्याच्या तळहातावर ठेवली. "पंधरा नंबर. माझी आहे. तुझ्या प्रोग्रामचा काही संबंध नाही. जुन्या प्रोग्रामवरही चाक आपोआप फिरलं."

त्याने पिन उजेडात धरली, नखाने उलटी केली. "दोनच तारा टेकल्यात."

"हो."

"कधी कळलं तुला?"

अर्ध्या तासापूर्वी, असं सांगता आलं असतं. तेही खरंच होतं. पिन तेव्हाच हातात आली होती. एवढं सांगितलं असतं तरी त्याचं समाधान झालं असतं, बहुतेक.

"पंधरा दिवसांपूर्वी," मी म्हणाले.

त्याने मान वर केली.

मग मी जे आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय ते त्याला सांगितलं. कॉलेजच्या लॅबमध्ये, एका मंगळवारी दुपारी, मी एकटी होते. खेकडा जमिनीवर होता, मी त्याच्या अंगावर रेलून वरची पट्टी आवळत होते आणि डावं चाक एकदा झटकन फिरलं. एकदाच. मी तारांचा जुडगा हलवला, पुन्हा झालं नाही. मी जुडग्याला प्लास्टिकची पट्टी बांधली, घट्ट आवळली आणि ठरवलं की उद्या सगळं उघडून बघू. दुसऱ्या दिवशी रंगकाम निघालं, तिसऱ्या दिवशी सराव. चाक पुन्हा हललं नाही. मग मी स्वतःला सांगितलं की तसं काही झालंच नव्हतं.

"मी कुणालाच बोलले नाही," मी म्हटलं. "सगळे माझ्या वायरिंगचे फोटो काढत होते."

नौशादने पिन पुन्हा नखाने उलटी केली. मग म्हणाला, "मला पण दिसलं होतं."

"काय?"

"चाक. त्याच आठवड्यात, शनिवारी. कड्यांची चळत चढवत होतो तेव्हा. मी तुला विचारलंही होतं, वायरिंग बघशील का एकदा म्हणून. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. मी लॅबच्या दारात होते, बॅग खांद्याला होती.

"मी काय म्हणाले?"

"जे आज म्हणालीस तेच." त्याच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट होतं. "वायरिंगला काही झालेलं नाही. मला वाटलं, हेमांगी एवढ्या खात्रीने सांगतेय म्हणजे वायरिंग नसणार. यांत्रिक भागाने असं होत नाही. मग राहिलो कोण? मीच. आठवडाभर माझी चूक शोधली. सापडेना. शेवटी म्हटलं चाकांचा सगळा भाग नव्याने लिहू, हळूहळू वेग वाढवू, म्हणजे काही झालंच तर झटका कमी बसेल. इंद्रजित विचारत होता ना, कशाला बदललास? म्हणून बदलला."

मी उन्हात उभी होते. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि जे जे सुचत होतं ते सगळं स्वतःला वाचवायला म्हटल्यासारखं वाटत होतं.

"माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

त्याने ते मानलं की नाही मला कळलं नाही. तो रोलरवरून उतरला, पँट झटकली.

"किती वाजले?"

"पावणेदोन."

"नवीन प्रोग्राम चढवायला चार मिनिटं लागतात," तो म्हणाला आणि चालायला लागला.

आम्ही आत गेलो तेव्हा इंद्रजितने आधीचा फॉर्म फाडून खिशात कोंबला होता आणि नवीन कोरा फॉर्म आणून ठेवला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने नौशादकडे पाहिलं. "लेका, चुकलं माझं. तुझं ऐकायला पाहिजे होतं."

"नंतर," नौशाद म्हणाला. "बाजूला हो, केबल लावू दे."

मी फॉर्म भरला. कारणाच्या चौकटीत लिहिलं, पंधरा नंबरच्या तारेची पिन नीट दाबली गेली नव्हती. खाली माझी सही. मग आम्ही खेकडा ढकलत केळुसकर मॅडमच्या टेबलापाशी नेला.

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. "हे कारण आहे कशावरून? तुम्हाला वाटतंय म्हणून?"

"नाही मॅडम. परत करून दाखवते."

इंद्रजितने दचकून माझ्याकडे पाहिलं. असं काही ठरलं नव्हतं. पण मला दुकानातली गोष्ट माहीत होती. दुरुस्त केलेली मोटर चालली म्हणजे बिघाड सापडला असं वडील कधी मानायचे नाहीत. बिघाड पुन्हा करता आला पाहिजे आणि पुन्हा घालवता आला पाहिजे, तर तो सापडला.

खेकडा स्टँडवर चढवला. नवीन प्रोग्राम होता. मी पंधरा नंबर काढली, इंद्रजितने रिमोट मॅडमच्या समोर टेबलावर ठेवून दिला, कुणाचाही हात नाही, आणि चालू केला. डावं चाक पिसाळल्यासारखं कधी पुढे, कधी मागे फिरायला लागलं. मी तार लावली. चाक गप्प. पुन्हा काढली, पुन्हा पिसाळलं. लावली, गप्प. नौशादने जुना प्रोग्राम चढवला आणि आम्ही तेच परत केलं. मग पुन्हा नवा. आजूबाजूला चांगली गर्दी जमली होती. त्यात सकाळी फोटो काढणारी मुलंही होती. माझे कान तापले होते. पण मी काय करतेय हे मला नीट माहीत होतं.

"ही पिन कुणी दाबली?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"बाकीच्या?"

"सगळ्या मीच."

"मग सगळ्या ओढून दाखव."

इंद्रजित काकुळतीला आला. "मॅडम, चौतीस आहेत! दोन वाजून दहा मिनिटं झालीत."

"म्हणजे वीस मिनिटं आहेत. पुष्कळ झाली."

मी खाली बसले आणि एक नंबरपासून सुरुवात केली. इंद्रजित नंबर वाचत होता, मी ओढत होते, मॅडम कागदावर खूण करत होत्या. नौशाद माझ्या शेजारी बसून बॅटरीचा दिवा धरत होता. सात. आठ. नऊ. एकवीस नंबर ओढली आणि ती निघाली.

एकवीस कडी फेकणाऱ्या हाताची होती. ती मैदानात सुटली असती तर हात कुणाच्या तोंडावर फिरला असता, देव जाणे.

"पक्कड," मी म्हणाले. नौशादने पक्कड हातात दिली. मी सोललं, दाबलं, ओढलं. "बावीस," इंद्रजित म्हणाला.

चौतिसावी तार झाली तेव्हा हॉलच्या घड्याळात दोन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. मॅडमनी खण उघडून नवीन हिरवं स्टिकर काढलं, पाठीचा कागद सोलला आणि ते खेकड्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून बसवलं.

"एकवीस लक्षात ठेव," त्या मला म्हणाल्या. "पंधरा काय, ती तर आपणहून सापडली."

तीन वाजताच्या लढतीत समोर विदर्भातली टीम होती, गेल्या वर्षी उपान्त्य फेरीपर्यंत गेलेली. त्यांचा रोबो आमच्यापेक्षा वेगवान होता. पण खेकडा खांबासमोर असा अलगद थांबायचा की जणू कुणी हाताला धरून उभा केलाय, आणि मग कडी फेकायचा. हे नौशादने लिहिलेलं होतं. पहिल्या मिनिटात तीन बसली, दुसऱ्यात तीन. त्यांचीही सहा. शेवटच्या वीस सेकंदांत इंद्रजितने खेकडा आडवा पळवला, दूरच्या खांबासमोर थांबवला आणि सातवं कडं खांबाच्या टोकावर डुगडुगत बसलं. वरच्या प्रेक्षकांतून आमची मुलं अशी ओरडली की शिट्टी ऐकू आली नाही. आम्ही जिंकलो. दुसरीही जिंकलो. तिसऱ्या लढतीत आमच्याहून चांगल्या टीमने आम्हाला सरळसरळ हरवलं. खेकड्याला शेवटपर्यंत काही झालं नाही.

परतीच्या गाडीत इंद्रजितने नौशादची माफी मागितली, सगळ्यांसमोर, उभं राहून. नौशाद हसला आणि त्याने इंद्रजितच्या पाठीत गुद्दा घातला. त्यांचं तिथेच मिटलं. माझ्याशी तो नीट बोलायचा, कामापुरतं विचारायचं ते विचारायचा, पण पूर्वी यायचा तसा चहाला हाक मारायला येत नव्हता. ते मला बरोबरच वाटायचं. त्यात मी त्याला घाई केली नाही.

याला चौदा वर्षं झाली. मी आता विमानतळांवर सामान वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्रणा उभ्या करते. हाताखाली बारा-पंधरा माणसं असतात. त्यातला एखादा येऊन सांगतो, मॅडम, परवा एक झटका दिसला होता, नंतर आला नाही. तेव्हा मी काम थांबवते. त्यावरून ओरडणारे वरिष्ठही मी पाहिलेत. त्यांना ओरडू देते.

पण मला सांगायचंय ते त्या स्पर्धेनंतर दीड महिन्याचं. परीक्षा तोंडावर आली होती. मी लॅबमध्ये एकटीच खेकड्याचं वायरिंग पहिल्यापासून नव्याने करत होते. लॅबचे सर म्हणाले होते, गरज नाही. मी म्हटलं होतं, आहे. दार उघडलं आणि नौशाद आत आला. हातात छापील कागदांचा जाडजूड गठ्ठा होता, शिवून आणलेला. त्याने तो माझ्यासमोर ठेवला.

"काय आहे हे?"

"प्रोग्राम. पुढच्या वर्षीचा. साठ पानं आहेत."

"मी काय करू त्याचं?"

त्याने बोलायच्या आधी श्वास घेतला. "वाच. मी लिहिलंय, म्हणून मला त्यात चूक दिसणार नाही. तुला दिसेल. जिथे शंका येईल तिथे खूण कर, मी चिडणार नाही." मग दारापर्यंत जाऊन वळला. "आणि चिडलो तरी खूण पुसू नकोस."

मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी हातातली पक्कड खाली ठेवली, खुर्ची ओढली, लाल पेन शोधून काढलं आणि पहिलं पान उघडलं.